धुपाच्या झाडावरचं जाळं

बाळांनो, आणि बाळांना मांडीवर घेऊन बसलेल्या मोठ्यांनो, ऐका. तुमच्या-आमच्या पणजोबांचे पणजोबाही जन्मले नव्हते, तेव्हा बर्फाच्या डोंगरांखाली एक लहानसं राज्य होतं. त्या राज्याच्या अगदी वरच्या टोकाला, जिथे गाडीवाट संपून पायवाट सुरू होते, तिथे चाळीस घरांचं एक गाव होतं.

गावाच्या डोक्यावर एक उभा उतार होता. कधीकाळी तो धुपाच्या झाडांनी भरलेला होता. हल्लीचे बागवान या झाडाला जुनिपर म्हणतात. पानं बारीक, टोचरी. बोटांत चुरडली की देवघरात उभं राहिल्यासारखा वास यायचा. फळं वाटाण्याएवढी, आधी हिरवी आणि मग निळी-काळी. पिकायला त्यांना दोन-दोन वर्षं लागत. झाडही तसंच सावकाश. पोरीच्या बारशाला उगवलं तर तिच्या लग्नात कुठे तिच्या खांद्याला लागायचं.

गावात मूल जन्मलं की या लाकडाचा धूर करत. माणूस गेलं की याच लाकडाचा धूर करत. नवं घर बांधलं की उंबरठा याच लाकडाचा. शिवाय थंडी होतीच. प्रत्येक घरानं थोडं थोडं तोडलं, आणि थोडंच तोडतोय म्हणून कुणाला त्याचं काही वाटलं नाही. होता होता दोनच झाडं उरली. देवीच्या चौथऱ्याला लागून होती म्हणून ती वाचली. त्यातलं एक फळायचं. दुसऱ्याला फळ धरत नसे, पण वसंतात त्याची पिवळी भुकटी वाऱ्यावर उडायची.

या गावात सरयू नावाची विणकरीण राहत होती. तिनं विणलेलं पांघरूण तीन पिढ्या टिकतं, असं लोक म्हणत. नवरा लोकर कातरायचा, ती धुवायची, सुकवायची आणि मागावर बसायची. लोकर लवकर सुकावी म्हणून धुपाच्या लाकडाचा विस्तव तीही करायची. उरलेल्या रानातली शेवटची चार-सहा झाडं तिच्याच चुलीत गेली होती.

एका वर्षी बर्फ वितळायच्या दिवसांत, भर दुपारी, उतार खाली आला.

सरयू ओढ्यावर लोकर धूत होती. आधी तिला वाटलं, वर कुणी दगड लोटतंय. मग पायाखालची जमीन थरथरली. मान वर करून पाहिलं तर चिखल, दगड आणि बर्फ यांची एक भिंत घरांवरून चालत निघाली होती. सहा घरं गेली. त्यात तिचं घर गेलं, माग गेला, आणि जेवून नुकताच पडलेला तिचा नवरा गेला. तिसऱ्या दिवशी तो सापडला.

तेरा दिवस झाल्यावर गाव चौथऱ्याशी जमलं. मुखिया उभा राहिला. शब्दाला पक्का आणि स्वभावानं कडक माणूस होता तो.

"उतार सैल झालाय," तो म्हणाला. "आज सहा घरं गेली, पुढं सोळा जातील. खालच्या खोऱ्यातल्या जमीनदारांशी बोलतो मी. त्यांच्या शेतावर राबावं लागेल, पण जीव वाचतील. जाताना ही दोन झाडं तोडून नेऊ. नव्या घरांना उंबरठे तरी आपले असतील."

दुसऱ्याच्या शेतावर राबायचं म्हणजे काय, ते सगळ्यांना ठाऊक होतं.

मागे एका दगडावर धनूबाबा बसला होता. सत्तर वर्षं त्यानं बकऱ्या राखल्या होत्या. तो खोकला आणि म्हणाला, "मी पोर होतो तेव्हा याच्या दुप्पट बर्फ पडायचं. एक खडा खाली आला नाही कधी. झाडांनी धरून ठेवलं होतं सगळं. आपणच सोडवलं."

सरयूनं मान वर केली. एवढ्या दिवसांत ती पहिल्यांदाच बोलली.

"ती झाडं पुन्हा लावली तर?"

"पोरी, धुपाचं झाड आहे ते," मुखिया म्हणाला. "भोपळ्याचा वेल नाही."

"मला वेळ द्या."

मुखियानं तिच्याकडे पाहिलं. बाईचं काय काय गेलंय हे त्याला माहीत होतं, म्हणूनही असेल, तो म्हणाला, "पाच वर्षं. तोवर उन्हाळा-हिवाळा इथे, आणि बर्फ वितळायचे दोन महिने सगळ्यांनी पलीकडच्या टेकडीवर राहुट्या टाकून काढायचे. पाच वर्षांत उतारावर काही दिसलं नाही, तर मग मी कुणाचं ऐकणार नाही."

सरयू कामाला लागली. एका शेजारणीनं तिला गोठ्याशेजारची खोली दिली होती. तिथल्या परसात तिनं धुपाच्या बारा फांद्या आणून लावल्या. लोकरीसारखं मऊ होईपर्यंत शेण कुजवून घातलं. ऊन लागू नये म्हणून वर चटई धरली. सकाळी पाणी, संध्याकाळी पाणी. कधी दुपारी उठूनसुद्धा जाऊन घागर रिकामी करून यायची. गेलेल्या माणसाला पाजायचं राहिलेलं पाणी ती जणू त्या फांद्यांना पाजत होती.

पावसाळा सरायच्या आत बाराही फांद्या तांबूस पडल्या. तिनं एक उपटून पाहिली. मुळाच्या जागी काळा चिखल हाताला लागला.

धनूबाबा बकऱ्या घेऊन चालला होता. कुंपणावरून डोकावून म्हणाला, "कितीदा पाणी घालत होतीस?"

"दोनदा. कधी तीनदा."

"मग त्याला तहान कधी लागायची?" म्हातारा म्हणाला. "वर जाऊन बघ, कुठे उगवत होतं ते. खडी, ऊन आणि वारा. अंगणातलं लाडकं झाड नाही ते."

पुढच्या वर्षी सरयूनं परसाचा नाद सोडला. कोवळ्या शेंड्यांचे चोवीस तुकडे तिनं भोवती दगड रचून थेट उतारावरच लावले, जिथे खडी होती आणि दिवसभर ऊन होतं. पाणी आठवड्यातून एकदा, तेही माती बोटभर खोल कोरडी झाली तरच. हात शिवशिवायचे, पण ती आवरायची. चोवीसांतले पाच जगले. नव्या पोपटी टोकांना तिनं बोट लावून पाहिलं, आणि त्या दिवशी तिला पोटभर जेवण गेलं.

पण पाच झाडांनी उतार धरला जात नाही. जास्त फांद्या घ्याव्यात, तर म्हातारं झाड उघडं पडत होतं, आणि धुपाच्या जुन्या लाकडावर छाटलं तर तिथे पुन्हा हिरवं फुटत नाही. म्हणजे आता आशा होती ती बियांची.

हिवाळ्याच्या तोंडाशी फळं निळी-काळी झाली, आणि त्याच सुमाराला दरवर्षीप्रमाणे कस्तूर पक्ष्यांचे थवे आले. झाडावर बसले आणि मुठी मुठी भरून खावीत तशी फळं खाऊ लागले.

सरयूचा जीव वरखाली झाला. एक झाड फळणारं, त्यावर गावाचं नशीब टांगलेलं, आणि हे चोर दिवसाढवळ्या लुटतायत! तिनं उसन्या मागावर बसून लोकरीच्या पिळदार सुतानं जाळं विणलं. एवढं मोठं की सगळं झाड त्याखाली झाकलं जावं. वीस जणांनी काठ्यांनी उचलून ते झाडावर चढवलं. मुखियानं पाळी लावली: रोज एका घरानं चौथऱ्यावर बसून थाळ्या वाजवायच्या, पक्षी फिरकू द्यायचे नाहीत.

जाळ्याआडची फळं भरगच्च पिकली. सरयूनं टोपलीभर उतरवली, उतारावर रांगा आखून एकेक फळ मातीत पुरलं, आणि वाट पाहिली.

वसंत आला. काही उगवलं नाही.

"सावकाश झाड आहे," ती म्हणाली. पुन्हा जाळं, पुन्हा थाळ्या, पुन्हा टोपली, पुन्हा रांगा.

दुसरा वसंत आला. तरी काही उगवलं नाही. एक फळ उकरून पाहिलं, तर ते जसंच्या तसं. वर सुकलेला गर आणि आत टणक बी.

आता चौथं वर्ष चाललं होतं, आणि हिवाळ्याच्या तोंडाशी जाळं तिसऱ्यांदा झाडावर चढलं होतं. बायका ओढ्यावर भेटल्या की विषय बदलत. एक जण मात्र तोंडावरच म्हणाली, "सरयूबाई, आम्ही दोन हिवाळे थाळ्या वाजवून हात सुजवून घेतले. तुम्ही तिथे फळं पेरताय की खडे?"

सरयू भाकरी फडक्यात बांधून उतारावर गेली. मधोमध माणसाहून उंच एक खडक होता आणि त्याच्या बुडाशी बोराटीसारखी काटेरी झुडपं. तिथे सावलीला बसून तिनं भाकरीचा तुकडा मोडला. डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. फडक्यानं डोळे पुसायला मान खाली घातली, तेव्हा काट्यांच्या आत तिला काहीतरी हिरवं दिसलं.

करंगळीएवढं होतं ते. टोचरी, बारीक पानं. तिनं हात आत घातला, काट्यांनी मनगटावर ओरखडे उठले, तरी एक पान खुडून चुरडलं आणि नाकाशी धरलं.

तोच वास.

ती रांगत रांगत खडकाभोवती फिरली. एक, दोन, सात, अकरा. सगळी मिळून सतरा रोपं होती. एकही तिच्या रांगेत नव्हतं. सगळी खडकाच्या बुडाशी, काट्यांच्या आडोशाला. वर खडकाच्या माथ्यावर पांढऱ्या-जांभळ्या विष्ठेचे जुने ओघळ सुकले होते. त्यात तिनं नख घातलं. आत स्वच्छ, गर निघून गेलेलं बी होतं.

सरयू उठली आणि धावतच धनूबाबाकडे गेली. म्हाताऱ्याला तिनं जवळजवळ ओढतच वर आणलं. तो गुडघ्यांवर बसला, रोपं पाहिली, विष्ठा पाहिली, आणि दाढी खाजवली.

"कस्तूर इथे बसतात," तो हळूच म्हणाला. "झाडावर खातात आणि इथे येऊन बसतात. सत्तर वर्षं मी या उतारावर फिरलो गं. मला नाही दिसलं हे."

"गर खातात ते. म्हणून बी मोकळं होतं. मी गरासकट पुरत होते."

"आणि पोटातून जाऊन इथे पडतं."

"आणि ही सगळी जाळ्याच्या आधीची आहेत, बाबा. दोन-तीन वर्षांची. जाळं घातल्यापासूनचं एकही रोप नाही." तिनं खडकावर हात टेकला. "दोन हिवाळे मी यांनाच हाकलत होते."

धनूबाबा आता काट्यांकडे पाहत होता. "काट्याबाहेर एकसुद्धा नाही," तो म्हणाला. मग त्याचं तोंड उतरलं. "उगवली असतील बाहेरही. माझ्या बकऱ्यांनी खाल्ली."

एकानं दुसऱ्याला दोष द्यावा असं काही उरलंच नव्हतं.

त्याच संध्याकाळी सरयू चौथऱ्याशी गेली. ज्या घराची पाळी होती ते लोक थाळ्या घेऊन बसले होते. तिनं कमरेची कात्री काढली आणि स्वतःच विणलेलं जाळं खालून वर कापायला सुरुवात केली.

आरडाओरडा झाला. कुणी मुखियाला बोलावून आणलं. तो धापा टाकत आला.

"वेड लागलंय का तुला? एक वर्ष उरलंय आणि तू बी पक्ष्यांच्या तोंडी घालतेस?"

"हो," सरयू म्हणाली. कात्री थांबली नाही. "माझं चुकलं, मुखिया. तुम्हां सगळ्यांना मी थंडीवाऱ्यात बसवलं, थाळ्या वाजवायला लावल्या, आणि ते सगळं उलटं होतं. झाड ज्यांची वाट पाहत होतं, त्यांनाच आपण हाकललं. मला शिव्या द्या, पण आधी माझ्याबरोबर वर चला."

मुखियाला राग आवरत नव्हता. तरी तो गेला, कारण भर गावासमोर आपली चूक अशी उघड सांगणारं माणूस त्यानं फारसं पाहिलं नव्हतं. खडकाशी पोचल्यावर तो वाकला, मग गुडघ्यांवर आला, मग काट्यांत हात घालून एकेक रोप बोटानं मोजू लागला. चुकला तेव्हा पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"सतरा," तो म्हणाला. कपाळावर ओरखडा उमटला होता, त्यातून रक्त येत होतं, त्याचं त्याला भान नव्हतं. "मग आता काय करायचं म्हणतेस?"

"पक्ष्यांना येऊ द्यायचं. उतारावरची काटेरी झुडपं सरपणाला तोडायची नाहीत. आणि बकऱ्या..." तिनं धनूबाबाकडे पाहिलं.

"बकऱ्या मी पलीकडच्या अंगाला नेतो," धनूबाबा म्हणाला. "लांब पडेल. चारा कमी आहे तिथे. निम्म्या विकाव्या लागतील, तर विकीन."

"आणि बाकी?" मुखियानं विचारलं. "पेरणी, पाणी, खत?"

"काही नाही. फक्त राखण."

मुखिया उठला. उताराकडे, मग खाली गावाकडे पाहिलं. "खालच्या खोऱ्यात कळवतो," तो म्हणाला. "आम्ही येत नाही म्हणून."

राखण करणं सोपं नव्हतं, हे मात्र सांगायला हवं. हातात काही नसताना नुसतं पाहत राहणं माणसाला जड जातं. सरयूला पहिला हिवाळा फार कठीण गेला. कस्तूर आले, दोन आठवड्यांत झाड रिकामं करून गेले, आणि तिचा जीव प्रत्येक फळाबरोबर तुटत होता. लोकांना सरपण लांबून आणावं लागलं. धनूबाबाच्या कळपात अकरा बकऱ्या उरल्या. पण दर बर्फानंतर उतारावर जाऊन मोजणं, हा गावाचा सणच झाला. सतरांची चाळीस झाली. चाळिसांची दीडशे. काही बर्फाच्या ओझ्यानं झुकली त्यांना टेकू दिले, काही किडली ती गेली. पुढे मोजणं सुटलं, कारण मोजता येईनात.

धनूबाबा त्या मधल्या वर्षांत गेला. सरयूचे केस पिकले. मुखियाची पाठ वाकली. झाडं मात्र आता लोकांच्या छातीला लागू लागली होती, आणि दगडांच्या फटींतून त्यांची मुळं दोरखंडासारखी पसरलेली दिसत.

जाळं कापल्यानंतरच्या अठराव्या हिवाळ्यात असं बर्फ पडलं की दारं वरून खणून उघडावी लागली. मग एकाएकी ऊन तापलं. मुखियानं सगळ्यांना टेकडीवरच्या राहुट्यांत नेलं. तिथून उतार समोर दिसत होता. दोन दिवस लोक जेवण सोडून तिकडेच बघत बसले.

तिसऱ्या दिवशी दुपारी आवाज आला. सरयूनं शेजारणीचा हात घट्ट धरला. उताराची एक कड, अगदी टोकाची, जिथे खडकच खडक होते आणि झाड कधी रुजलंच नव्हतं, ती सुटली. दगड, बर्फ, चिखल घरंगळत सरळ ओढ्यात गेले. पाण्याचा लोट उडाला. मग सगळं शांत झालं.

झाडांनी भरलेला उतार होता तिथेच होता. बर्फ त्यांच्या फांद्यांत अडकून थेंब थेंब गळत होतं. खाली चौतीस जुनी घरं आणि पुढे बांधलेली दहा नवी घरं, सगळी उभी होती.

कुणीतरी रडायला लागलं. मग बरेच जण रडायला लागले. मुखिया सरयूजवळ आला. तो तिच्या पायांकडे वाकायला लागला तेव्हा तिनं त्याला दंडाला धरून उभं केलं.

"काय करताय मुखिया," ती म्हणाली. "चला, घरी जाऊ. चुली पेटवायच्यात."

ही बातमी शेजारच्या खोऱ्यांत गेली. पावसाळ्याआधी तीन गावांचे लोक सरयूच्या दारी आले. तिथेही उतार उघडे पडले होते.

"आई, आम्हाला टोपलीभर बी द्या," ते म्हणाले. "कसं पेरायचं, किती पाणी द्यायचं, सगळं सांगा."

सरयू हसली. त्यांना आत बोलावून तिनं गरम ताक दिलं, आणि स्वतः समोर बसली.

"बी देईन," ती म्हणाली. "पण आधी मला सांगा, तुमच्या रानात कोणकोणते पक्षी येतात?"

म्हणून लहानमोठ्यांनो, ज्याची निगा राखायची, त्यासाठी आपले हात कधी चालवायचे आणि कधी मागे घ्यायचे, हे दोन्ही शिकावं लागतं.